आठ इलेक्ट्रॉन आणि एक गोणी युरिया

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण धुळ्याच्या एका कॉन्व्हेंट शाळेत झालं. तिथे मराठी फक्त मराठीच्या तासाला. इतर वेळी तोंडातून मराठी शब्द निघाला की एक रुपया दंड! त्यामुळे 'नत्र' म्हणजे नायट्रोजन हे मला बारावी सायन्स पास झाल्यावर कळलं, तेही मामांच्या युरियाच्या गोणीवरून. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर वाचकांनी आणि मराठी विभागाच्या संपादक मंडळाने पोटात घालावं. पण हा लेख मी इंग्रजी विभागात द्यायला तयार नव्हते. कारण हा विषय ज्यांच्या विहिरीचा आहे, त्यांच्या घरी आपल्या मॅगझिनची इंग्रजी पानं कुणी उलटत नाही.

विषय आहे, पाण्यातल्या नायट्रेट प्रदूषणापासून विजेच्या मदतीने अमोनिया बनवणं. थांबा, थांबा! लगेच पान उलटून शेरोशायरीकडे जाऊ नका. यात केळी आहेत, एसटी आहे आणि तुमच्या घरची विहीरही आहे.

त्याचं असं झालं...

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत चोपडा तालुक्यात मामांकडे गेले होते. मामांची सहा एकर केळी. कांदेबागेची लागण नुकतीच झालेली. मामेभावाला चार महिन्यांचं बाळ आहे. वहिनींचं दूध पुरत नाही म्हणून त्याला वरचं, पावडरचं दूध सुरू केलं होतं. वहिनी विहिरीचं पाणी घड्याळ लावून वीस मिनिटं उकळायच्या, झाकून गार करायच्या आणि मग त्यात पावडर कालवायच्या. स्वच्छतेत नाव ठेवायला जागा नव्हती. आणि मी बाजूच्या खाटेवर बसून पर्यावरण विषयाच्या नोट्स वाचत होते. नोट्समध्ये एक ओळ होती, जी मी परीक्षेत दोनदा लिहून मार्क मिळवले होते : पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाण्याची वाफ होते आणि मागे उरलेल्या पाण्यात नायट्रेटचं प्रमाण वाढतं.

लिहून मार्क मिळवणं वेगळं आणि समोर बाटली दिसणं वेगळं.

१९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली नावाच्या डॉक्टरने हे पहिल्यांदा नीट मांडलं. शेतावरच्या विहिरीच्या पाण्यात दूध कालवून दिलेली तान्ही बाळं निळी पडत होती. नायट्रेटचं शरीरात नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं रूप बदलून टाकतं, आणि मग ते रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही. मोठ्या माणसाला हे सहसा जाणवत नाही. काही महिन्यांच्या बाळाला मात्र धोका असतो. म्हणून आपल्या देशाच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम ठेवली आहे.

मी घाबरत घाबरत विषय काढला. आजी म्हणाली, "आमनं पानी गोड शे, पोरी!"

आजीचं खरंच आहे. पाणी गोडच आहे. नायट्रेटला चव नाही, वास नाही, रंग नाही. पाणी खारं असतं तर कुणी प्यायलंच नसतं. गोड आहे हीच अडचण.

मग मी एक लिटरची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून, भरून, बर्फात ठेवून जळगावला आणली. आपल्या लॅबमध्ये तीनदा मोजलं. ८८, ९१, ९१. आपण ९० धरू. म्हणजे मर्यादेच्या बरोबर दुप्पट. मामांना फोन करून सांगितलं तर दोन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. ती विहीर आजोबांनी ७२ च्या दुष्काळात खोदलेली. पोरगी इंजिनिअरिंगला गेली आणि घरच्या विहिरीला नावं ठेवायला लागली, असंच त्यांना वाटलं असणार. तिसऱ्या दिवशी मामांचाच फोन आला. फक्त तीन शब्द : "मंग करानं काय?"

हा सगळा लेख म्हणजे मामांच्या त्या तीन शब्दांना उत्तर द्यायचा प्रयत्न आहे. (बाळ ठणठणीत आहे. त्याच्या दुधाचं पाणी आता गावातल्या आरओ प्लँटच्या जारमधून येतं. पण त्या आरओबद्दलही पुढे बोलायचं आहे.)

आधी हे फक्त माझ्या मामांचं दुखणं नाही, हे सांगते. केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४ चा भूजल गुणवत्ता अहवाल आहे. २०२३ मध्ये देशभरातून घेतलेल्या १५ हजारांहून जास्त नमुन्यांपैकी जवळजवळ २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघालं. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या वर आहे. सर्वांत जास्त त्रास असलेले १५ जिल्हे त्यात वेगळे काढले आहेत. त्यातले सात आपल्या राज्यातले : वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, यवतमाळ आणि... जळगाव. धुळ्याचं नाव त्या यादीत नाही. पण धुळेकरांनी (म्हणजे आम्हीच!) लगेच कॉलर ताठ करू नये. युरिया आपणही तोच टाकतो.

आता हे नायट्रेट येतं कुठून? गटारं, शोषखड्डे, उकिरडे यांतूनही येतं. पण शेतातला मोठा वाटेकरी म्हणजे युरिया. केळीला शिफारस आहे झाडाला २०० ग्रॅम नत्राची. पाच फुटांवर लागण केली तर एकरात साधारण १,८०० झाडं बसतात. म्हणजे ३६० किलो नत्र. युरियात नत्र ४६ टक्के आणि गोणी ४५ किलोची. करा भागाकार : एकरी साधारण १७ गोण्या! आणि ही झाली शिफारस. शेजाऱ्याने वीस टाकल्या तर आपण बावीस टाकायच्या, ही आपली पद्धत वेगळीच.

मातीत गेल्यावर युरियाचा अमोनियम होतो आणि जिवाणू त्या अमोनियमचं नायट्रेट करतात. अमोनियमवर धन भार असतो, मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो, म्हणून अमोनियम मातीला धरून राहतो. नायट्रेटवर मात्र ऋण भार. त्याला माती धरतच नाही. पिकाने उचललं तर उचललं, नाहीतर पाण्याबरोबर सरळ खाली विहिरीत. युरियाला निंबोळीचा लेप देतात तो हे अमोनियमचं नायट्रेट होणं सावकाश व्हावं म्हणूनच.

आणि आता गंमत बघा. हा युरिया बनवायला आधी अमोनिया लागतो. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवायची युक्ती फ्रिट्झ हेबरने १९०९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवली आणि कार्ल बॉशने १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला त्याचा कारखाना उभा केला. त्यासाठी चारशे-पाचशे अंश तापमान, हवेच्या शेकडो पट दाब आणि ढीगभर नैसर्गिक वायू. आपल्याकडे अलिबागजवळ थळला आरसीएफचा कारखाना आहे, तिथेही मूळ कथा तीच. एवढा आटापिटा करून हवेतला नत्र पकडायचा, गोणीत भरायचा, अनुदान देऊन २६६ रुपयांना विकायचा आणि शेवटी विहिरीत सोडून द्यायचा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते हेच.

म्हणूनच जगभर संशोधक एका कल्पनेच्या मागे लागले आहेत. विहिरीतलं नायट्रेट उलटं फिरवून पुन्हा अमोनिया करता येईल का? प्रदूषणही गेलं आणि खतही मिळालं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री रूम पार्टनरला उठवून सांगितलं. (ती झोपेत "हो" म्हणाली. तिला आमच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये घ्यायला मला तेवढं पुरलं.)

रिअॅक्शन अशी. नायट्रेटमध्ये नायट्रोजनची ऑक्सिडेशन अवस्था अधिक पाच. अमोनियात वजा तीन. मधलं अंतर आठ. म्हणजे नायट्रेटच्या एका आयनाला आठ इलेक्ट्रॉन द्यायचे. पाण्यात दोन इलेक्ट्रोड बुडवा, वीज सोडा, कॅथोडवर इलेक्ट्रॉन मिळतील. शंभर-दोनशे पट दाब नको, भट्टी नको. हेबरसाहेबांना नायट्रोजनच्या रेणूतला जो चिवट तिहेरी बंध तोडावा लागला, तो इथे नाहीच.

मग अडतं कुठे? कॅटॅलिस्टपाशी, म्हणजे मराठी पुस्तकातल्या उत्प्रेरकापाशी. कॅथोड कसला आहे यावर सगळं अवलंबून. मला हे समजलं ते आमच्या धुळे-जळगाव एसटीवरून. धुळ्याला प्रवासी चढला पाहिजे, हे पहिलं. पण जळगावला तो उतरलाही पाहिजे, हे दुसरं. पृष्ठभागाने नायट्रेटला सैल धरलं तर ते चढतच नाही. फार घट्ट धरलं तर उतरत नाही आणि सीट अडवून बसतं. शिवाय गाडीत फुकट्यांची गर्दी असते. पाण्यातला हायड्रोजन! इलेक्ट्रॉन दिसले की तोही हात पुढे करतो, स्वतः वायू होऊन बुडबुड्यांतून निघून जातो आणि आपली वीज वाया. आणि सर्वांत वाईट म्हणजे जळगावचं तिकीट काढून पारोळ्यालाच उतरणारे प्रवासी. आठऐवजी दोनच इलेक्ट्रॉन घेतले की नायट्रेटचं नायट्राइट होतं. तांब्याच्या कॅथोडवर नायट्रेट पटकन चढतं, पण तांबं एकटं असलं की बरेच जण असे पारोळ्याला उतरतात.

आणि नायट्राइट म्हणजे कोण, आठवलं? रक्तातल्या हिमोग्लोबिनला बिघडवणारा खरा गुन्हेगार. जागतिक आरोग्य संघटनेची नायट्रेटची मर्यादा ५० मिलिग्रॅम आहे आणि नायट्राइटची फक्त ३. म्हणजे अर्धवट कॅटॅलिस्ट विहिरीवर बसवला तर आपण पाणी साफ करत नाही, जास्त विषारी करतो. परीक्षेत आठपैकी दोन स्टेप लिहिल्या तर दोन मार्क मिळतात. इथे वजा मार्क मिळतात.

यावर उत्तम काम झालं आहे. अमेरिकेत ह्यूस्टनला राईस विद्यापीठ आहे (भाताशी संबंध नाही!). तिथल्या हाओतियान वांग यांच्या गटाने २०२१ मध्ये लोखंडाचे सुटे सुटे अणू बसवलेला कॅटॅलिस्ट दाखवला आणि २०२२ मध्ये तांब्याच्या नॅनोवायरवर रुथेनियम विखरून टाकलेला. दुसऱ्या कॅटॅलिस्टने दिलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त वीज अमोनिया बनवण्यातच खर्ची पडली, आणि २,००० पीपीएम नायट्रेट असलेलं पाणी ५० च्या खाली आलं. वाचून मी टाळ्या वाजवायच्याच बाकी ठेवल्या होत्या.

आम्हीही प्रोजेक्टचा विषय हाच ठरवला. राईसचं सामान आपल्याकडे कुठलं? मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातली तांब्याची तार, जुन्या सेलमधली ग्रॅफाइटची कांडी आणि बॅटरी एलिमिनेटर. डिस्टिल्ड वॉटरमध्ये पोटॅशियम नायट्रेट आणि थोडं सोडियम सल्फेट घातलं. तीन तासांनी नेसलरचे थेंब टाकले आणि द्रावण छान पिवळं झालं. अमोनिया! आम्ही तिघींनी कॅन्टीनमध्ये पार्टी केली.

दुसऱ्या दिवशी गाइड सरांनी जर्नल बघितलं आणि एकच प्रश्न विचारला. "हे पाणी कुठल्या गावचं?"

आम्ही गप्प. डिस्टिल्ड वॉटरचं गाव कुठलं असतं?

मग मामांचं पाणी वापरलं. पहिल्यांदा तर करंटच नीट वाहीना, कारण त्यात आम्ही घातलं होतं तेवढं मीठ नाही. व्होल्टेज वाढवलं तर बुडबुडेच बुडबुडे. आणि संध्याकाळपर्यंत तांब्याच्या तारेवर पांढरा थर! हा थर हॉस्टेलमध्ये सगळ्यांनी पाहिलेला आहे. गरम पाण्याच्या रॉडवर बसतो तोच. (रॉड वापरायला बंदी आहे, म्हणून कुणीच पाहिलेला नाही, असं रेक्टर मॅडमसाठी लिहिते.) आपलं पाणी जड, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. कॅथोडजवळ पाणी अल्कधर्मी होतं आणि हे क्षार तिथेच बसतात. सोन्याचा कॅटॅलिस्ट केला तरी त्यावर चुन्याचं पांघरूण पडल्यावर तो काय करणार? ठिबकच्या नळ्या याच क्षारांनी चोंदतात, म्हणून शेतकरी त्यात अॅसिड सोडतात. मामांना हे ठाऊक होतं. आम्हाला नव्हतं.

तेव्हा मी शांतपणे हिशेब करायला बसले. तुम्हीही कॅल्क्युलेटर घ्या.

मामांच्या विहिरीचं १० लाख लिटर पाणी घेतलं, तर लिटरला ९० मिलिग्रॅमप्रमाणे त्यात ९० किलो नायट्रेट. त्यातला निव्वळ नत्र सुमारे २० किलो. युरियाच्या एका गोणीतही नत्र जवळजवळ तेवढाच. म्हणजे दहा लाख लिटर पाणी बरोबर एक गोणी युरिया! आता त्या सगळ्याचा अमोनिया केला तर साडेचोवीस किलोच्या आसपास भरेल. फॅरडेचा नियम लावा. आठ इलेक्ट्रॉन, दोन व्होल्ट, आणि एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही असं धरलं तरी किलोला २५ युनिट वीज. एकूण सहाशेच्या वर युनिट. युनिटला पाच रुपये धरले तर तीन हजार रुपये झाले. कशासाठी? २६६ रुपयांच्या गोणीसाठी!

खरं सांगते, त्या रात्री खूप वाईट वाटलं. प्रोजेक्ट बदलायचा विचारही आला. पुण्याहून रेडीमेड प्रोजेक्ट आणून वर सोनेरी अक्षरांत आपली नावं छापणारे आमचे काही मित्र आहेतच. त्यांना असले प्रश्न पडत नाहीत.

पण हिशेब उलट बाजूनेही करून पाहिला. बाळाच्या दुधाचं काय? वीस लिटरच्या जारमधलं नायट्रेट ९० वरून ४० वर आणायचं तर फक्त एक ग्रॅम नायट्रेट काढायचं आहे. त्याला लागणारी वीज एका युनिटच्या शंभराव्या भागाहूनही कमी. दहापट वाया गेली तरी परवडेल! म्हणजे खत म्हणून जो तोट्याचा धंदा, तोच पाणी शुद्ध करायला स्वस्त. फक्त अमोनियाही पिण्याच्या पाण्यात चालत नाही, मानकात त्याची मर्यादा अर्धा मिलिग्रॅमच आहे. म्हणजे पिण्याच्या पाण्यात थेट इलेक्ट्रोड बुडवून भागणार नाही.

मग गावातला आरओ आठवला. आरओ पुढच्या नळाने शुद्ध पाणी देतो आणि मागच्या पाइपने काय करतो? निम्मं पाणी मागे सोडलं असं धरा, तर नायट्रेट जवळजवळ दुप्पट करून गटारात. गटारातून पुन्हा जमिनीत. आपण पाच रुपयांत जार भरतो आणि कचरा आपल्याच विहिरीला परत देतो. कॅटॅलिस्टची खरी जागा इथे मागच्या बाजूला आहे, असं माझं मत झालं आहे. आरओऐवजी आयन एक्स्चेंज घेतलं तर आणखी बरं. त्यातलं अॅनायन रेझिन नायट्रेट पकडतं आणि कॅल्शियमला हात लावत नाही. मग मिठाच्या पाण्याने रेझिन धुतलं की नायट्रेट थोड्याशा खारट पाण्यात गोळा होतं. बघा, एका दगडात तीन पक्षी : नायट्रेट दाट झालं, मीठ असल्याने करंट वाहतो आणि पांढऱ्या थराचा त्रास कमी. अॅनोडवर मिठाचा क्लोरीन होतो आणि तो अमोनिया खाऊन टाकतो, म्हणून मध्ये मेंब्रेन हवा. बनलेला अमोनिया अॅसिडमध्ये पकडला की अमोनियम सल्फेट, म्हणजे शेतकऱ्यांचं नेहमीचं खत. आमचा प्रोजेक्ट आता यावर चालू आहे. जमेल की नाही ठाऊक नाही, पण पाणी मात्र चोपड्याचं आहे!

आणि शेतातल्या पाण्याचं काय? तिथे मला सगळ्यात मोठा धक्का बसला. आठ इलेक्ट्रॉन देऊन नायट्रेटचा अमोनियम करणारा कॅटॅलिस्ट मामांच्या शेतात आधीपासून उभा आहे. केळीचं झाड! झाडाने उचललेल्या नायट्रेटवर आधी एक एन्झाइम काम करतं, त्यात मोलिब्डेनम असतं. ते दोन इलेक्ट्रॉन देऊन नायट्राइट करतं. दुसरं एन्झाइम, लोहवालं, सहा इलेक्ट्रॉन देऊन अमोनियम करतं. दोन आणि सहा, आठ. पारोळ्याला कुणी उतरत नाही. वीज सूर्याची, बिल शून्य. राईस विद्यापीठाला जे साधायला इतकी वर्षं लागली, ते आमचं झाड रोज करतं आणि आम्ही त्याच्या सावलीत बसून मोबाइल बघतो.

मग प्रश्न एवढाच : त्या झाडाला विहिरीतलं नायट्रेट मिळतं का? मिळतंच, ठिबकमधून रोज! झाडाला दिवसाला सरासरी १५ लिटर पाणी आणि वर्षात २५० दिवस धरले, तर एकराला साडेसदुसष्ट लाख लिटर होतं. लिटरला ९० मिलिग्रॅमप्रमाणे त्यातून सुमारे १३७ किलो नत्र जातो. म्हणजे साडेसहा गोण्या! मामा १७ गोण्या विकत आणून टाकतात आणि वर साडेसहा पाण्यातून जातात, ज्यांची नोंद कुठेच नाही. जास्तीचा नत्र जाणार कुठे? परत विहिरीत. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

मी हा कागद घेऊन संक्रांतीला मामांकडे गेले. मामांनी चष्मा लावून दोनदा वाचला. साडेसहा गोण्या एकदम कमी करायला ते तयार नाहीत, आणि मीही तसं सांगणार नाही, कारण पाण्यातलं सगळंच नायट्रेट झाडाला मिळेल असं नाही. ठरलं असं की एका एकरात तीन गोण्या कमी टाकायच्या, माती तपासून घ्यायची, कृषी सहायकांना दाखवायचं आणि घड तोलून बघायचे. कमी भरले तर पुढच्या वर्षी मला जेवायला मिळणार नाही, हेही मामांनी स्पष्ट केलं आहे.

तर माझं मत थोडक्यात सांगते. मामांच्या प्रश्नाला तीन उत्तरं आहेत आणि तिन्हींच्या मुदती वेगळ्या. आजचं उत्तर : पाणी तपासा आणि नायट्रेट जास्त असेल तर बाळाच्या बाटलीत ते घालू नका. उकळणं, तुरटी, क्लोरीन, यांतल्या कशानेही ते जात नाही. या वर्षाचं उत्तर : विहिरीतला नत्र खताच्या हिशेबात धरा आणि तेवढा युरिया कमी टाका. आणि दहा वर्षांचं उत्तर : कॅटॅलिस्ट. हा क्रम आपण इंजिनिअर लोक नेहमी उलटा लावतो. नवीन मशीन येणार आहे ना, मग तोपर्यंत जुनं चालू द्या! मशीन आलं नाही की सरकारला नावं ठेवायला आपण मोकळे. तिसऱ्या उत्तराच्या भरवशावर पहिली दोन उत्तरं टाळणं, हे मला पटत नाही.

आणि तिसऱ्या उत्तरासाठीसुद्धा आपणच लागणार आहोत. ह्यूस्टनच्या लॅबला चोपड्याचं पाणी माहीत नाही. २,००० पीपीएमला तिथे 'कमी' नायट्रेट म्हणतात. आमचं ९० त्यांच्या आलेखात कोपऱ्यातही दिसणार नाही. जड पाणी, कमी करंट, मे महिन्यातलं जळगावचं ऊन, पाच रुपयांचा जार, हे सगळं ज्याला धरायचं आहे तो कॅटॅलिस्ट इथेच तपासावा लागेल. त्यासाठी सिंक्रोट्रॉन लागत नाही. पाणी कुठल्या गावचं, हे विचारणारे एक सर लागतात.

शेवटी एक विनंती, हॉस्टेलमधल्या सगळ्यांना. रावेर, यावल, अमळनेर, शिरपूर, साक्री, शिंदखेडा... आपण कुठून कुठून आलो आहोत! पुढच्या सुट्टीहून येताना फराळाच्या डब्याबरोबर घरच्या विहिरीचं एक लिटर पाणी आणा. आधी पंप पाच मिनिटं चालू द्या, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, वर गावाचं नाव आणि तारीख लिहा, थंड ठेवा आणि दोन दिवसांच्या आत लॅबमध्ये द्या. लॅबच्या काकांशी मी बोलले आहे. ते आधी रागावले, मग म्हणाले, माझ्याही घरचं आणतो. सगळे आकडे आपण मेसच्या बाहेर खान्देशच्या नकाशावर टाचणीने लावू. शेतकऱ्याचं नाव लिहायचं नाही, फक्त गाव आणि आकडा. आणि पहिली बाटली आपल्याच हॉस्टेलच्या कूलरची असेल, हे रेक्टर मॅडमच्या परवानगीने जाहीर करते.

नकाशावर पहिली टाचणी लागलेली आहे. चोपडा तालुका, ९०. आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, "गोडच शे." मी म्हटलं, "हो आजी, गोडच आहे. म्हणूनच तर मोजायला लागतं."

— तृतीय वर्ष, केमिकल इंजिनिअरिंग
(लेडीज हॉस्टेल)